खिशातल्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर अडकतोय? गनस्मिथकडे जायच्या आधी काय तपासायचं

ह्यूस्टनजवळच्या एका शूटिंग रेंजवर मी शनिवार-रविवारी असतो. तिथे रात्री उशिरापर्यंत दुकान, गॅस स्टेशन, मोटेल सांभाळणारी आपली बरीच मंडळी येतात, आणि बहुतेकांकडे स्वसंरक्षणासाठी तेच असतं, पाच गोळ्यांचं, दोन इंचाच्या आतल्या नळीचं छोटं रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनचं जे-फ्रेम म्हणजे ६४२, ४४२, ६३८ नाहीतर एखादं जुनं ३६, किंवा मग रुगरचं एलसीआर. आणि तक्रारही बहुतेक तीच, "सिलिंडर अडकतोय हो", म्हणजे काडतुसं बसतात तो फिरणारा भाग. हे इतक्या वेळा दुरुस्त करून झालंय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं, घाण असते. पण कधीकधी खरंच आतलं काहीतरी गेलेलं असतं आणि तेव्हा घरी खटपट करत बसणं धोक्याचं आहे, म्हणून हे शेवटपर्यंत वाचा, मधूनच सुरू करू नका.

लक्षणं

- ट्रिगर नेहमीपेक्षा जड लागतोय. किंवा पाचातल्या एकाच चेंबरला (सिलिंडरमधलं काडतूस बसायचं भोक) जड, बाकी चारला ठीक.
- रिकामा सिलिंडर बोटाने फिरवला तर एका जागी घासतो.
- थंड असताना झकास चालतं, तीस-चाळीस गोळ्या झाल्या की जड होत जातं, घरी आल्यावर परत ठीक.
- लॅच (सिलिंडर उघडायचं बटण) दाबूनही सिलिंडर उघडत नाही, किंवा उघडतो पण बंद करताना अंगठ्याने जोर लावावा लागतो.
- ट्रिगर दाबला, टक् आवाज आला, गोळी सुटली नाही.
- पुंगळ्या अर्ध्याच बाहेर येतात.
- ट्रिगर दाबल्यावर पुढे परत येत नाही.

यातलं तुमचं नेमकं कोणतं ते आधी कागदावर लिहा, आणि कुठल्या चेंबरला होतंय तेही. मार्कर पेनने सिलिंडरच्या बाहेरून त्या चेंबरवर एक ठिपका काढा, नंतर पुसता येतो. "कधीकधी अडकतं" एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही, पण "ठिपक्याच्या चेंबरला दर वेळी अडकतं" म्हटलं की अर्धं काम झालं.

सगळ्यात आधी: रिकामं करा

नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, सिलिंडर उघडा, काडतुसं काढा, मोजा, दुसऱ्या खोलीत ठेवून या आणि मग परत पाचही चेंबरमधून आरपार उजेड दिसतोय का बघा. अडकलेल्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हे जास्तच कडकपणे पाळायचं, कारण माणूस वैतागलेला असतो आणि वैतागलेला माणूस शॉर्टकट मारतो.

आता, सिलिंडर उघडतच नसेल आणि आत काडतुसं असतील, तर इथेच थांबायचं. लाकडी हातोडी नाही, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं नाही, "एकदा ट्रिगर दाबून बघू" तर अजिबात नाही. आधी गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) फोन करा, भरलेलं आणि अडकलेलं आहे हे स्पष्ट सांगा, आणि कसं आणायचं ते त्यालाच विचारा. दुकानात नुसतं हातात धरून शिरू नका. रेंजवर असताना झालं असेल तर नळी टार्गेटकडेच ठेवा आणि रेंज ऑफिसरला हाक मारा, त्यासाठीच आम्ही तिथे उभे असतो.

अजून एक. गोळी झाडताना आवाज नेहमीसारखा 'धाड' न येता 'फुस्स' असा आला, हाताला धक्का कमी बसला आणि त्यानंतर सिलिंडर अडकला, तर गोळी नळीत किंवा नळी आणि सिलिंडरच्या मधल्या फटीत अर्धवट अडकलेली असू शकते. पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते. हे घरी बघायचं कामच नाही.

फुकटातल्या तपासण्या

पहिली गोष्ट तुमचं बोट. ट्रिगर परत येत नाही किंवा मधेच अडकतो म्हणणाऱ्यांचं मी आधी फक्त बोट बघतो. या छोट्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर लांब असतो आणि कंपनीतून साधारण ५ किलोच्या आसपास दाब लागेल असाच येतो, त्यामुळे भरभर झाडताना बरेच जण ट्रिगर पूर्ण पुढे येऊ देत नाहीत, अर्ध्यातूनच परत ओढतात. मग आतली यंत्रणा अर्धवट अवस्थेत फसते, कधी एक चेंबर न झाडता पुढे सरकतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरने, भिंतीमागे कोणी नाही अशा दिशेला धरून, सावकाश दहा वेळा दाबा आणि दर वेळी ट्रिगर पूर्ण पुढे गेल्याचं बोटाला जाणवू द्या. अडकणं बंद झालं तर रिव्हॉल्व्हर ठीक आहे, सराव कमी आहे. सेंटरफायर जे-फ्रेम (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध पिन आपटते ते) असं रिकामं दाबल्याने बिघडत नाही, स्नॅप कॅप म्हणजे सरावाची नकली काडतुसं घातल्या तर अजून चांगलं. .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर पिन आपटते ते) असेल तर मात्र रिकामं दाबू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

दुसरी गोष्ट खिसा. जीन्सच्या किंवा जॅकेटच्या खिशात किती धूळ आणि कापडाचे तंतू असतात हे खिसा उलटा केल्याशिवाय कळत नाही. ६३८ सारख्या मॉडेलला वरून हॅमरची (आपटून गोळी सोडणारा घोडा) एक फट असते, तिच्यात हे सगळं जाऊन बसतं. ६४२ आणि ४४२ मध्ये हॅमर पूर्ण आत असतो म्हणून तिथे कमी, पण सिलिंडरच्या मागच्या फटीत आणि ट्रिगरच्या मागे जमतंच. टॉर्च मारून बघा, कोरड्या ब्रशने झाडा. आणि त्या खिशात रिव्हॉल्व्हर आणि त्याचा होल्स्टर एवढंच राहील असं बघा, किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत, च्युइंगमचा कागद नाही. होल्स्टर असा हवा की ट्रिगर पूर्ण झाकला जाईल. विना होल्स्टर नुसतं खिशात टाकून फिरणारे भेटतात मला, त्यांना मी सिलिंडरबद्दल काही सांगायच्या आधी होल्स्टर घ्यायला लावतो.

तिसरी, नवीन स्मिथ अँड वेसन असेल तर डाव्या बाजूला लॅचच्या वर किल्लीचं बारीक भोक आहे का बघा. असेल तर ते लॉक अर्धवट फिरलेलं नाही ना, सोबत आलेल्या किल्लीने नीट उघडं करून घ्या.

पुंगळ्या अर्ध्याच बाहेर येणं हा या आकारात बिघाड नसतोच बहुतेक वेळा. नळी आखूड म्हणून इजेक्टर रॉडही आखूड, तो .३८ ची (काडतुसाचं एक माप) पुंगळी पूर्ण लांबीभर ढकलूच शकत नाही. नळी आभाळाकडे करा आणि रॉडवर तळहाताने एकदाच जोरात थाप द्या, हळूहळू ढकलू नका. तरीही एक पुंगळी राहत असेल तर ती ग्रिपला अडते आहे का बघा, बाहेरून घेतलेल्या जाड रबरी ग्रिपमध्ये हे सर्रास होतं.

एक टूथब्रश

आता मुख्य मुद्दा. सिलिंडर अडकण्याचं मी बघितलेलं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे इजेक्टरच्या स्टारखाली अडकलेला कचरा. सिलिंडर उघडून रॉड दाबला की मागच्या बाजूने चांदणीच्या आकाराचा जो भाग वर येतो तो स्टार. न जळलेल्या दारूचे कण पुंगळ्या काढताना खाली पडतात, आणि नळी आडवी किंवा खाली धरून काढलं तर ते थेट स्टारच्या खाली जाऊन बसतात. मग स्टार आपल्या खाचेत पूर्ण बसत नाही, केसभर वर राहतो, त्यावर टेकलेल्या काडतुसांच्या कडाही तेवढ्याच मागे सरकतात आणि फ्रेमला घासायला लागतात. तिथे मोकळी जागा इतकी कमी असते की तेवढंच पुरतं.

मागे एक काका आले होते, लिकर स्टोअर आहे त्यांचं, ६४२ विकून टाकायचं ठरवूनच आले होते, म्हणाले भरवसा राहिला नाही. रिकामं केलं, रॉड दाबून धरला आणि टॉर्च मारला. स्टारच्या एका पाकळीखाली, अगदी मुळाशी, हिरवट-करडी चपटी टिकली चिकटलेली, बाजरीच्या दाण्याच्याही निम्मी. टूथब्रशने दोनदा घासली, निघाली. सिलिंडर बंद केला, काकांनी स्वतःच्या हाताने पाचही चेंबरवर ट्रिगर दाबून बघितला आणि एकदम गप्प झाले. ते ६४२ अजून त्यांच्याकडेच आहे.

तर करायचं असं: रॉड पूर्ण दाबून धरा, स्टारच्या खाली आणि सिलिंडरमधली त्याची खाच, दोन्हीकडे नायलॉनचा कोरडा ब्रश फिरवा, मग साध्या गन सॉल्व्हेंटचा एक थेंब ब्रशवर घेऊन परत, मग कापडाने कोरडं. स्टारखाली तेल सोडू नका, तेलाला कण चिकटतात आणि आठवड्यात परत तेच. त्यानंतर सिलिंडरचा पुढचा चेहरा आणि नळीचं मागचं तोंड पुसा. गरम झाल्यावर अडकणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये इथेच काजळीचा थर असतो, तापल्यावर धातू किंचित फुगतो आणि आधीच भरलेली फट बंद होते.

.३५७ मॅग्नम चालणाऱ्या मॉडेलमध्ये लोक स्वस्त आणि सौम्य म्हणून सरावाला .३८ स्पेशल वापरतात, ते अगदी बरोबर आहे, पण .३८ ची पुंगळी सुमारे ३.४ मिलिमीटर आखूड असते, त्यामुळे चेंबरमध्ये तेवढ्या जागेत काजळीचं कडं तयार होतं. मग .३५७ घातलं की ते पूर्ण आत जात नाही, कड बाहेर राहते, सिलिंडर बंद होत नाही. चेंबरला सॉल्व्हेंट लावून दहा मिनिटं थांबा आणि पितळी ब्रश फिरवा. सिलिंडर टायटॅनियमचा असेल (स्कँडियम फ्रेमच्या हलक्या मॉडेल्समध्ये असतो) तर सँडपेपर, घासणी, पॉलिश पेस्ट असलं काहीही लावू नका, वरचा थर गेला की गरम वायूने सिलिंडर खाल्ला जातो.

साफसफाई खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून करा, नंतर हात साबणाने धुवा, किचन टेबलवर करू नका. शिशाची पूड असते ती, घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा.

ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात शरीराला टेकणारी बाजू घामाने गंजते, विशेषतः निळसर पॉलिशचं जुनं ३६ असेल तर. महिन्यातून एकदा किंचित तेल लावलेल्या फडक्याने बाहेरून पुसलं की भागतं. कुलूप सैल करायचा स्प्रे मात्र आत मारू नका, तो सुकून चिकट होतो आणि वर सगळी धूळ ओढून घेतो. चेंबर नेहमी कोरडे हवेत, कारण तेल झिरपून काडतुसाच्या प्रायमरमध्ये (बुडाशी असलेली ठिणगी देणारी टिकली) गेलं तर ते काडतूस ऐन वेळी सुटणार नाही.

काडतुसं तपासा

साफ करूनही अडकत असेल तर रिकामं असताना अडकतं का भरल्यावर, हे बघा. फक्त भरल्यावर अडकत असेल तर दोष काडतुसाकडे असण्याची शक्यता जास्त. काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा, मधला गोल प्रायमर बुडाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवा. वर आलेला असेल तर तो फ्रेमला घासतो, आणि ते काडतूस वापरायचंच नाही. घरी रीलोड केलेल्या काडतुसांत हे जास्त दिसतं. संरक्षणासाठी फक्त कारखान्यातली काडतुसं ठेवा, ती वर्षाने सरावात संपवा आणि नवी घाला.

दुसरा प्रकार हलक्या रिव्हॉल्व्हरचा. ६४२ साधारण ४०० ग्रॅमचं आहे, स्कँडियम फ्रेमचं त्याहून हलकं. इतक्या हलक्या, पण .३५७ साठीच बनलेल्या हत्यारातून .३५७ झाडलं की धक्क्याने फ्रेम मागे येते, पण चेंबरमधल्या बाकी काडतुसांतल्या गोळ्या जागीच राहू पाहतात आणि पुंगळीतून हळूहळू पुढे सरकतात. तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर एखादीचं टोक सिलिंडरच्या बाहेर येतं, नळीच्या तोंडाला अडकतं आणि सिलिंडर ठप्प. तपासायला सोपं आहे, रेंजवर चार झाडा, पाचवं काडतूस न झाडता बाहेर काढा आणि डब्यातल्या नव्या काडतुसाच्या शेजारी उभं करा. लांबी वाढलेली दिसली तर त्या ब्रँडचं ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही. स्कँडियमच्या .३५७ मॉडेलच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा (गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलंच असतं, ते वाचा. माझं मत विचाराल तर या आकारात .३८ स्पेशलच ठेवा, .३५७ चा धक्का या वजनात बहुतेकांना सोसवत नाही आणि दुसरी गोळी कुठल्या कुठे जाते.

टक् आवाज येऊन गोळी सुटली नाही तर रेंजवर नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबा, उशिरा सुटू शकते. मग काढून प्रायमरवरचा खड्डा बघा. खड्डा खोल असेल तर काडतूस खराब. उथळ असेल तर पहिला प्रश्न, ट्रिगर हलका करायला कोणी आत हलकी स्प्रिंग टाकलीय का? सेकंडहँड घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही शक्यता नेहमी धरा. संरक्षणाच्या हत्यारात कंपनीचीच स्प्रिंग हवी, ट्रिगर जड लागत असेल तर बोटाला सराव द्या. स्प्रिंग परत बदलायचं काम गनस्मिथचं.

इजेक्टर रॉड

सिलिंडर उघडायला अडचण येत असेल आणि रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन असेल तर हा रॉड सैल झालेला असू शकतो. त्याचं पुढचं टोक नळीखालच्या लॉकमध्ये बसतं, आटे सुटून रॉड लांब झाला की लॉक सुटत नाही. सिलिंडर उघडत असतानाच बोटाने रॉड फिरवून बघा. फिरला तर सैल आहे.

इथे लोक हमखास चुकतात ते दिशेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्मिथ अँड वेसनने रॉडचे आटे उलटे केले, म्हणजे घट्ट करायला डावीकडे फिरवायचं. त्याआधीच्या जुन्या ३६ ला सरळ आटे असू शकतात. कोणते आहेत कळत नसेल तर जोर लावू नका. आणि घट्ट करण्याआधी चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घाला, म्हणजे पीळ पुंगळ्यांवर जातो, नाहीतर स्टारच्या बारीक पिना वाकतात. फक्त बोटांनी घट्ट करायचं, पकडीने नाही. बोटांनी राहत नसेल तर गनस्मिथ.

रॉड वाकलाय का तेही बघा. सिलिंडर उघडा ठेवून फिरवा, रॉडचं टोक एका जागी स्थिर राहिलं पाहिजे. टोक गोल गोल फिरत असेल तर वाकलाय, आणि एकाच चेंबरला जड लागण्याचं कारण तुम्हाला मिळालं. सिनेमात मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करतात ना, त्याने रॉड आणि सिलिंडरला धरणारा क्रेन (ज्यावर सिलिंडर बाहेर झुलतो तो हात) दोन्ही वाकतात. दोन्ही हातांनी बंद करायचं. वाकलेला रॉड घरी सरळ करू नका.

एलसीआरचं लॉक वेगळ्या पद्धतीचं आहे, त्याला हा भाग लागू नाही.

शेवटची घरची तपासणी

स्मिथ अँड वेसन असेल तर उजव्या बाजूच्या पत्र्याचे स्क्रू बघा, सैल असतील तर योग्य मापाच्या गन स्क्रू ड्रायव्हरनेच हलके घट्ट करा. सगळ्यात पुढचा स्क्रू क्रेन धरून ठेवतो, तो सैल झाला तर सिलिंडर उघडल्यावर हातात येऊ शकतो. स्क्रूंची अदलाबदल करू नका. पत्रा मात्र काढायचा नाही.

मग नळी आणि सिलिंडरमधली फट. फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. रिव्हॉल्व्हर रिकामं, सिलिंडर बंद, ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यानचं पान आत जायला हवं. ०.१० पण जात नसेल तर गरम झाल्यावर अडकण्याचं कारण हेच. ०.२५ च्या वर गेलं किंवा सिलिंडर पुढे-मागे हलताना जाणवला तर झीज झालीय. शेवटी सिलिंडरवर बोटाने हलका ब्रेक लावून ट्रिगर अगदी सावकाश दाबा, हॅमर सुटायच्या आधी प्रत्येक चेंबरला सिलिंडर 'टिक' करून लॉक झाला पाहिजे. एकाही चेंबरला तसं होत नसेल तर टायमिंग गेलंय, चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, आणि झाडताना शिशाचे कण बाजूला उडून शेजारच्या माणसाला लागू शकतात. असं रिव्हॉल्व्हर त्या दिवसापासून खिशात ठेवायचं नाही.

इथे थांबा

फट, टायमिंग, वाकलेला रॉड किंवा क्रेन, स्प्रिंग, कुठेही तडा, किंवा पत्र्याच्या आतलं काहीही, हे सगळं गनस्मिथचं किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं काम. व्हिडिओ बघून पत्रा उचकटलेली रिव्हॉल्व्हर माझ्याकडे येतात, पत्र्याची कड वाकलेली, आत एक स्प्रिंग गायब, आणि मग साध्या कामाचा मोठा खर्च होतो. भारतात लायसन्सवर हत्यार असलेल्यांनी तर साफसफाईच्या पुढे जाऊच नये, तिथे दुरुस्तीच्या धंद्यालाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, म्हणून परवानाधारक दुकानच गाठा.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगतोच, कारण विचारणारे बरेच असतात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, पण 'पात्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने काही ठरावीक अपवाद सोडता बंदूक जवळ ठेवताच येत नाही, मित्राचं रिव्हॉल्व्हर "जरा बघून देतो" म्हणून घरी आणणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि रेंजवर नेलेली बॅग किंवा जॅकेट घेऊन भारतात जाताना सगळे कप्पे उलटे करून बघा, मुंबईच्या विमानतळावर एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

गनस्मिथकडे देताना रिव्हॉल्व्हर रिकामं, काडतुसं सोबत नाहीत, आणि सुरुवातीला लिहिलेला तो कागद द्या: कोणत्या चेंबरला, थंड का गरम, कोणतं काडतूस, काय काय साफ केलं. चेंबरवरचा ठिपका पुसू नका. परत आल्यावर लगेच कमरेला लावायचं नाही. रेंजवर ५० सरावाच्या गोळ्या आणि त्यानंतर तुम्ही रोज ठेवता तीच काडतुसं निदान दोनदा पूर्ण भरून झाडा, सगळी एकही न अडकता सुटली तरच परत बाळगायला सुरुवात करा, तोपर्यंत कुलूपबंद पेटीत राहू द्या.